मागील वास्तव्याचे गाव

कोरडझरी शंभर टक्के डिजिटल व्हायला एक अंगठा कमी पडत होता, आणि तो अंगठा साखराबाईचा होता.

बाकी चौदाशे अकरा जणांचे अंगठे उठले होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे उठले, सकाळपासून हात थरथरणाऱ्यांचे उठले, आणि ज्यांनी जन्मात कुठल्या कामाला बोट लावलं नाही त्यांचे तर पहिल्याच झटक्यात उठले. साखराबाईनं मात्र अकरा वेळा सेवा केंद्राच्या पायऱ्या चढून त्या यंत्रावर अंगठा टेकवला आणि अकराही वेळा यंत्रानं लाल दिवा लावून आपली हिची ओळख नसल्याचं सांगितलं. यंत्राचा तरी काय दोष? साखराबाई सात वर्षांची असल्यापासून लोकर कातत होती. पन्नासच्या वर वर्षं लोकरीचा धागा अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सरकत गेल्यावर देवानं काढून दिलेल्या रेषा किती टिकणार? तिचा अंगठा सोललेल्या चिंचोक्यासारखा गुळगुळीत झाला होता.

डोळ्यांचं यंत्र होतं, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चेहरा ओळखणारं ॲपही होतं. सेवा केंद्र चालवणाऱ्या हनुमाननं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला, तर मोबाईल म्हणाला, डोळे उघडा. साखराबाईचे डोळे उघडेच होते. मोबाईल पुन्हा म्हणाला, डोळे उघडा. "आता आनखी किती उघडू बाबा?" असं तिनं विचारलं, त्यावर मोबाईल काही बोलला नाही.

हे यंत्र तिला पूर्वी एकदा ओळखत होतं, ही त्यातली गंमत. चौदा वर्षांमागं आधार काढायला शाळेत माणसं आली होती. त्या दिवशी साखराबाई अंगणात नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत बसली होती. घोंगडी विणून झाली की शिजवलेल्या चिंचोक्यांची ही खळ कुंच्यानं वरून फिरवतात, त्यानं घोंगडी ताठ होते आणि वर्षानुवर्षं टिकते. कोतवालानं येऊन, "उठ, मशिनी चालल्या," म्हणून घाई केली. ती तशीच खळीच्या हातांनी पदराला बोटं पुसत गेली. अंगठा पहिल्या झटक्यात उठला. पण मशीनवाल्या पोरानं चिकट झालेली काच पाहिली आणि सगळ्या गावादेखत तिला झापलं, "सरकारी कामाला येताना हात तरी धुवून यायचे, आजी!" साखराबाई तेव्हा शेचाळीस वर्षांची होती. हात धुण्यापेक्षा तिला ते आजी जास्त लागलं. पण चूक आपली, असं तिनं मनाशी धरलं आणि त्यानंतर कुठल्याही सरकारी यंत्रापुढं ती कधी न धुतलेल्या हातानं गेली नाही.

ह्या अकरा खेपांना तिनं आधी राखेनं, मग साबणानं, मग परत राखेनं हात धुतले होते.

सोमवारी जिल्ह्याहून पत्र आलं. एका युद्धग्रस्त देशातील विभागीय डिजिटल परिवर्तन व आर्थिक पुनरुज्जीवन विषयक अभ्यास पाहणीसाठी आपल्या गावाची निवड झालेली असून गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाहुणे येतील, असं त्यात लिहिलं होतं. सरपंच परमेश्वर यांनी ते पंचायतीच्या ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. आधी आष्टीकडचं एक गाव ठरलं होतं, पण तिथल्या सरपंचांच्या घरी नेमकं गुरुवारचंच लग्न निघालं, म्हणून पाहुणे कोरडझरीच्या वाट्याला आले. ही गोष्ट पत्रात नव्हती आणि परमेश्वरनंही सांगितली नाही.

"लढाई चालू हाय त्यांच्याकडं," तो म्हणाला, "वरून बाँब पडायलेत. आन् तशात ते आपल्याकडं शिकायला यायलेत. म्हंजे बगा, आपून कुठं पोचलो!"

आपण कुठं पोहोचलो, ते बघायला माणसांनी इकडंतिकडं पाहिलं. समोर नेकनूरला जाणारी सकाळची एसटी फाट्यावरूनच वळून परत चालली होती. गावात यायचा रस्ता दोन वर्षांपासून मंजूर होता.

अडचण एवढीच होती, की कोरडझरीनं मागंच आपण शंभर टक्के डिजिटल असल्याचं वर कळवून टाकलं होतं. चौदाशे बारांपैकी चौदाशे अकरा म्हणजे नव्याण्णव पूर्णांक त्र्याण्णव, आणि एवढ्या तेवढ्यासाठी शंभर म्हणायला काय हरकत आहे, असा साधा विचार त्यामागं होता. पण पाहुण्यांना पडद्यावर प्रत्यक्ष यादी दाखवायची होती आणि पडद्यावरचा आकडा संगणक स्वतः काढतो. त्याला गावच्या इभ्रतीचं काही पडलेलं नसतं.

बुधवारी साखराबाई बाराव्यांदा गेली. ह्या खेपेला तिनं अंगठा टाचा घासायच्या वजरीनं घासला होता, चांगला लाल होईस्तोवर. यंत्रानंही लाल दिवा लावला.

ग्रामसेवक उत्तरेश्वर शेजारीच बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडं तीन गावांचा कारभार होता आणि तिन्ही गावांची माणसं त्याला आकड्यांतच दिसत.

"मावशी," तो म्हणाला, "आता दोनच रस्ते हायेत. एक तर तुमचा अंगठा उठला पायजे, न्हाईतर यादीतलं एक मानूस कमी झालं पायजे."

"कमी म्हंजे?"

"मयत दाखवता येत न्हाई, त्याला दाखला लागतोय." म्हणजे त्यानं तोही विचार करून पाहिला होता. "कायम स्थलांतरित दाखवता येतंय. त्याला काय लागत न्हाई."

साखराबाईला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चाळीस वर्सं मी मेंढरांमागं गोदाकाठाला हिंडले. आठ-आठ महिने गावाचं तोंड बघितलं न्हाई, तवा माझं नाव हितंच व्हतं. आता गुडघे गेले, मालक एकटेच मेंढरं घिऊन गेलेत, आन् मी घरात बसलेय, तर तू म्हन्तोस मी गाव सोडून गेले?"

"कागदावरच, मावशी. दोन-तीन महिन्यांनी परत घालू की."

"आन् माझे डोळे?"

उत्तरेश्वर यादीची पानं चाळायला लागला. रेशनचं एक वेळ चालवून घेता आलं असतं. पण पुढच्या महिन्याच्या चार तारखेला बीडच्या दवाखान्यात साखराबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, फुकट, कार्डावर. आणि ते कार्ड गावच्या यादीवर चालत होतं. यादीतून नाव गेलं की कार्ड बंद, कार्ड बंद की तारीख गेली. पुढची तारीख कधी मिळेल ते दवाखान्यालाही सांगता आलं नसतं. सध्या तिला धागा दिसत नव्हता, ती तो बोटांनी चाचपून विणत होती. आणखी सहा महिन्यांनी तेही जमलं नसतं, हे तिला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

ती तडक परमेश्वरकडं गेली. तो म्हणाला, "काकू, तुमी कावून घोर करता? कार्यक्रम हुईपर्यंत तुमच्या नावाला कुनी हात लावनार न्हाई. मी हाय की. तुमी फक्त घोंगडीचं बगा."

घोंगडीचं असं होतं, की पाहुण्यांचा सत्कार शालीनं करायचा नाही, शाल काय कुठंही मिळते, आपल्या मातीतली घोंगडी खांद्यावर टाकायची, असं परमेश्वरनं ठरवलं होतं. गावात माग आता एकट्या साखराबाईच्या घरात उरला होता. घोंगडी मागावरून उतरली होती, फक्त खळ लावायची राहिली होती. सरपंचानं शब्द दिला म्हटल्यावर साखराबाई घरी गेली आणि तिनं चिंचोके भिजत घातले. तिला बरं वाटलं होतं. कुणी शब्द दिला की बरं वाटायची तिला सवयच होती.

गुरुवारी उन्हं वर आल्यावर तिनं खळ शिजवली, घोंगडी अंगणात ताणली आणि कुंचा फिरवायला घेतला. एक बाजू वाळली, दुसरी वाळायची होती, तोच हनुमानचा फोन आला. गाडी नेकनूरच्या पुढं निघाली. मग परमेश्वरचा आला. मग परत हनुमानचा. चौथ्या फोनला साखराबाईनं घोंगडीची घडी घातली, ती छातीशी धरली आणि निघाली. हात धुवायला वेळ झाला नाही. सत्कार सरपंच करणार, आपण नुसती घोंगडी पोचवायची, असं मनाशी म्हणत ती पंचायतीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आत पडदा लावला होता. खुर्चीवर एक उंच, गोरी बाई बसली होती. तिच्याबरोबर बीडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी अंजू होती. ती नेकनूरचीच लेक, दुभाषी म्हणून आलेली. अंजूनं ओळख करून दिली, की या इरिना मॅडम, त्यांच्या देशातल्या एका विभागाचं डिजिटल काम बघतात. तो विभाग अगदी लढाईच्या तोंडावर आहे. तिथं अर्धी घरं पडली, कागद जळाले, माणसं पांगली. आता घर पडलं की माणूस मोबाईलवर त्याचा फोटो काढून पाठवतो आणि दुरुस्तीचे पैसे त्याच्या खात्यावर येतात. गेल्या वर्षी दोन तळघरांत बेकऱ्या सुरू झाल्या, एक शिवणाचा कारखाना सुरू झाला, त्यांचे परवानेही मोबाईलवरच निघाले.

"किती दिवसांत?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"एका दिवसात," अंजू म्हणाली.

उत्तरेश्वरनं ते लिहून घ्यायला पेन काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं.

मग परमेश्वर उठला. पडद्यावर आकडा होता, शंभर टक्के. तो हिरवा होता आणि त्याच्याभोवती फुलं उडत होती. साखराबाईला दारातून नुसता भिंतीवर उजेड दिसत होता. परमेश्वरनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. एवढ्यात इरिनाच्या पिशवीतून भोंगा वाजला. बारका नव्हे, कारखान्याच्या पाळीला वाजतो तसा, चढत जाणारा. दारातली दोन कुत्री उठून पळाली. परमेश्वर कुठल्या कारखान्याचा म्हणून खिडकीतून बघायला लागला.

इरिनानं मोबाईल काढून आवाज बंद केला आणि काहीतरी सांगितलं.

"त्यांच्या विभागावर विमानं आलीत," अंजू म्हणाली. "आली की फोन वाजतो. लोकांनी तळघरात जायचं असतं. यांची आई तिकडं आहे."

"मग आता?" परमेश्वरनं विचारलं.

"त्या म्हणतात, तुम्ही बोला. वीस मिनिटं लागतील. तुम्ही बोललात तर बरं."

परमेश्वर बोलत राहिला, पण त्याचा सूर उतरला होता. इरिना ऐकत होती आणि मोबाईल मांडीवर उताणा ठेवून मधूनमधून त्याच्याकडं बघत होती. दारातल्या साखराबाईला त्या बाईची फार दया आली. आपली माय तळघरात, आणि ही इथं बसून भिंतीवरचा उजेड बघतेय. शेवटी मोबाईल बारीक वाजला, इरिनानं श्वास सोडला आणि पहिला प्रश्न विचारला. गाव सोडून जाणाऱ्या माणसांचं तुम्ही काय करता?

हा प्रश्न परमेश्वरला सोपा वाटला.

"गेला की कापला! यादी एकदम साफ."

अंजूनं ते सांगितलं. इरिनानं तिला परत विचारलं, अंजूनं परत तेच सांगितलं. मग इरिना सावकाश बोलली आणि अंजू तिच्यामागं सावकाश मराठीत सांगत गेली. त्यांच्या विभागातून चार लाख माणसं बाहेर पडलीत. काही दुसऱ्या जिल्ह्यात, काही दुसऱ्या देशात, काही कुठं आहेत तेच माहीत नाही. पण एकाही माणसाचं नाव गावाच्या यादीतून काढलेलं नाही. नाव काढलं तर तो परत कुठं येणार? गाव राहिलं नाही तरी गावाची यादी आहे.



"तुमच्याकडचे यंदा किती गेले, ते त्यांना बघायचंय," अंजू म्हणाली.

हनुमान संगणकापाशी बसला होता. त्यानं एकदा उत्तरेश्वरकडं बघितलं, उत्तरेश्वर वायरीत काहीतरी शोधत होता. पाहुण्यांनी मागितलंय म्हटल्यावर दाखवणं भाग होतं. हनुमाननं कळ दाबली. पडद्यावर एकच नाव आलं आणि नावाशेजारी फोटो आला, चांगला चार फूट उंच.

इरिनानं फोटोकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. मग परत फोटोकडं पाहिलं. अंजू उठून दाराशी आली.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"साखराबाई."

"साखराबाई त्रिंबक शिंगाडे?"

"व्हय. कावून?"

अंजूनं एकदा पडद्याकडं बघितलं. "मॅडम विचारतात, तुम्ही इथून कधी गेलात म्हणून. कायमच्या."

साखराबाईला तेव्हा समजलं. शब्द देणारा समोर उभा होता आणि आपल्या चपलेकडं बघत होता. तिला राग यायला हवा होता, पण आधी आली ती लाज. भरल्या घरात आपलं ताट मांडलेलंच नाही असं दिसल्यावर येते ती लाज. तिनं घोंगडी आणखी घट्ट धरली.

"मी कुटं बी गेले न्हाई," ती म्हणाली. "घोंगडी द्यायला आले."

अंजूनं ते इंग्रजीत सांगितलं. भाषांतर चोख होतं.

आता गावाची लाज राखायला काहीतरी करणं जरूर होतं. ते हनुमाननं केलं. तो अंगठ्याचं यंत्र घेऊन दाराशीच आला. "मावशी, एकदा ठिवा अंगठा. पावन्यांसमोर ठिवा. काय व्हायचं ते हुंदे."

"आरं, हात खळीनं बरबटलेत. धुवून येते."

"ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यानं तिचा हात धरला, अंगठा पुसलाही नाही, तसाच काचेवर टेकवला.

हिरवा दिवा लागला.

हनुमाननं यंत्राकडं पाहिलं, मग तिचा अंगठा उजेडात धरला. खळ वाळून बारीक तडकली होती आणि अंगठ्यावर ज्या काही पुसट रेषा उरल्या होत्या त्यांत बसली होती. नुसत्या डोळ्यांनीही त्या दिसत होत्या. त्यानं अंगठा परत टेकवला. परत हिरवा.

"म्हंजे हात धुतले म्हून..." साखराबाई म्हणाली आणि थांबली. राख, साबण, वजरी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "चौदा वर्सं मी ह्या सरकारसाठी हात धुवायले!"

सगळे हसले. अंजूनं सांगितल्यावर इरिनाही हसली. परमेश्वर सगळ्यांत मोठ्यानं हसला, कारण आपण सुटलो असं त्याला वाटलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली. ठसा जुळला. नोंद: कायम स्थलांतरित. सेवा देता येणार नाही.

"परत घाल की नाव," परमेश्वर म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घाल."

"कापायला एक कळ हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "घालायला अर्ज हाय."

हनुमाननं अर्ज उघडला. संगणकाच्या लेखी साखराबाई आता बाहेरून कोरडझरीत राहायला आलेली नवी बाई होती. नाव, वय, नवऱ्याचं नाव भरून झालं. पुढचा रकाना होता मागील वास्तव्याचे गाव.

"कुठून आलात म्हून लिहू, मावशी?"

"हितूनच."

त्यानं कोरडझरी टाकलं. संगणक म्हणाला, मागील गाव व सध्याचे गाव एकच असू शकत नाही.

"माहेर लिही, नेकनूर," परमेश्वर म्हणाला.

"तसं केलं तर नेकनूरला पत्र जातंय," उत्तरेश्वर म्हणाला. "की ह्या बाईचं नाव तुमच्याकडून कमी करा. ते बघनार, नाव त्यांच्याकडं न्हाईच. मग ते हरकत घेनार. मग चौकशी. पंचेचाळीस दिवस धरा." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "सात दिवसांत उत्तर आलं न्हाई, तर हरकत नाही असे समजण्यात येईल, असं बी हाय. पन उत्तर येतंच. नेमकं असल्याच कामात येतंय."

चार तारखेला चौदा दिवस होते. साखराबाईला पंचेचाळीसातून चौदा वजा करता येत नव्हते, पण त्यात आपले डोळे बसत नाहीत एवढं तिला कळलं. तिनं सरपंचाला मागं टाकलं, सरळ इरिनासमोर गेली आणि स्वतःच्या हातानं घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली. ओलसर बाजू बाहेर ठेवली.

"बाई, तुमचं गाव कोंचं?"

अंजूनं विचारलं. इरिना म्हणाली, "दोब्रोलिस्क."

"तितं कोन ऱ्हातं?"

आता कोणी नाही, असं अंजूनं सांगितलं. आई तिथून हलली, विभागाच्या शहरात आहे. गाव दोन वर्षांपूर्वी पूर्ण पडलं. यादीत नऊशे चाळीस नावं आहेत, गावात कोणी नाही.

"ग्रामसेवक?"

"कोणीच नाही, मावशी."

साखराबाई हनुमानकडं वळली. "त्ये लिही. तितून हरकत येनार न्हाई."

हनुमाननं उत्तरेश्वरकडं पाहिलं. उत्तरेश्वरनं आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या बाजूनं नियमाकडं पाहिलं आणि त्याला ह्यात नियमाविरुद्ध काही सापडलं नाही. गावांच्या यादीत शेवटी 'इतर' असा एक पर्याय होता आणि पुढं मोकळी जागा होती. अंजूनं सगळं इरिनाला समजावून सांगितलं. ते समजावायला वेळ लागला, कारण इंग्रजीत ते आणखीच खुळचट वाटत होतं. इरिनानं हनुमानच्या वहीवर गावाचं नाव लिहून दिलं, आणि त्यानं ते संगणकात उतरवलं तेव्हा मागं उभं राहून एकेक अक्षर तपासलं. एक चुकलं होतं, ते तिनं दुरुस्त करायला लावलं.

संगणकानं संबंधित गावास पत्र पाठवले असं सांगितलं आणि हिरवी खूण दाखवली. कुठं पाठवलं ते त्याचं त्याला ठाऊक.

पाहुणे जेवून गेले. इरिना घोंगडी खांद्यावरच घेऊन गाडीत बसली, एवढ्या उन्हात. जाताना तिनं साखराबाईचे दोन्ही हात हातात धरले. खळीचे हात. हाताला खळ आहे असं कुणी इरिनाला सांगितलं नाही आणि तिनंही आपले हात पुसले नाहीत.

पुढचे सात दिवस साखराबाई रोज सेवा केंद्राच्या पायरीवर जाऊन बसू लागली. उत्तर येऊ नये म्हणून तिनं खंडोबाला नारळ बोलला. रोज सकाळी ती विचारायची, "आलं का?" हनुमान म्हणायचा, "न्हाई." आणि ती सुटल्यासारखी घरी जायची. चौथ्या दिवशी वीज गेली, तेव्हा उत्तर मधल्या मधे येऊन बसेल म्हणून ती वीज येईपर्यंत हलली नाही.

आठव्या दिवशी हनुमाननं तिला पायरीवरूनच हाक मारली. "मावशी, झालं! सात दिवस भरले. उत्तर न्हाई आलं. हरकत नाही असं समजून नाव घातलंय. कार्ड चालू. चार तारखेला डोळे!"

साखराबाई आत आली. घरून तिनं वाटीत थोडी खळ आणली होती, तिच्यात अंगठा बुडवला, वाळू दिला आणि काचेवर ठेवला. हिरवा दिवा लागला. हनुमानला वाटलं ती हसेल. ती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आता कावून रडता, मावशी? आपलं काम झालं की."

"झालं रं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पन सात दिवस झाले. नऊशे चाळीस मान्सांचं गाव म्हनली ती बाई. ही आमची न्हाई म्हून सांगायला बी तितं एक मानूस निघू नये?"

हनुमान पडद्याकडं बघत बसला.

"वाच बरं, काय लिवलंय."

"साखराबाई त्रिंबक शिंगाडे," हनुमाननं वाचलं. "कोरडझरी. मागील वास्तव्याचे गाव, दोब्रोलिस्क."

"पुन्ना वाच."

हनुमाननं पुन्हा वाचलं.